२०२४चा आढावा मी अजून का केलेला नाही

नमस्कार. गेले तीन आठवडे जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली एकच प्रश्न येत आहे : "ताई, २०२४चा आढावा कधी?" आज ३१ डिसेंबर २०२४ आहे आणि तो व्हिडिओ मी केलेला नाही. तो का केलेला नाही, हे सांगण्यासाठीच आज तुमच्यासमोर बसले आहे.

ठळक घटना सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्या भराभर सांगते. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला, २९ जूनला भारताने बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि २३ नोव्हेंबरला आपल्या विधानसभेचा निकाल आला. एवढे तुम्हाला कोणत्याही यादीत सापडेल.

माझी तक्रार या याद्या कधी बंद केल्या जातात, याबद्दल आहे. एका माध्यमसंस्थेने यंदा माझ्याकडे वर्षअखेरीची संहिता मागितली आणि ती २५ नोव्हेंबरपर्यंत हवी, असे कळवले. वर्षाचे पाच आठवडे शिल्लक असताना वर्षाचा हिशेब कसा मिटवायचा, असे मी विचारले, तेव्हा डिसेंबरमध्ये फारसे काही घडत नाही, असे उत्तर मिळाले. त्या मुदतीनंतर दोनच दिवसांनी सीरियातील बंडखोरांनी इदलिबमधून चढाई सुरू केली आणि ८ डिसेंबरला दमास्कस त्यांच्या हाती पडले. हाफेझ आणि बशर या बाप-लेकांनी १९७१पासून चालवलेली असद घराण्याची सत्ता बारा दिवसांत कोसळली. ३ डिसेंबरच्या रात्री दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला, संसदेच्या विरोधामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला आणि १४ तारखेला संसदेने त्यांच्याविरुद्ध महाभियोग मंजूर केला. परवा त्याच देशातील मुआन विमानतळावर झालेल्या अपघातात विमानातील १८१पैकी १७९ माणसे गेली. नोव्हेंबरात बंद केलेल्या यादीत यांपैकी काहीही नाही.

तरीही मला सर्वांत अधिक टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. फेब्रुवारीत उस्ताद झाकिर हुसेन यांना एकाच सोहळ्यात तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि तो आनंद प्रत्येक यादीत आला. त्याच वर्षी ते आपल्याला सोडून गेले, हे मात्र त्या याद्यांना ठाऊकच नाही. १५ डिसेंबरला, रविवारी रात्री, आमच्या नातेवाइकांच्या गटावर श्रद्धांजलीची चित्रे येऊ लागली, मग ते हयात असल्याचे त्यांच्या आप्तांकडून समजले म्हणून ती घाईघाईने काढली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंबीयांनीच निधनाची बातमी दिली. माणूस रुग्णालयात श्वासासाठी झगडत असताना त्याचा मृत्युलेख प्रसिद्ध करणे आणि वर्ष चालू असताना वर्षाचा आढावा प्रसिद्ध करणे, या दोन्हींमागची घाई मला एकच वाटते. पुढे २३ तारखेला श्याम बेनेगल गेले, २६ तारखेला डॉ. मनमोहन सिंग गेले. पुढच्या वर्षाची यादी जानेवारीपासून सुरू होईल, म्हणजे ही माणसे तिथेही नसतील. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसे गेली. २००४ची यादी आधीच बंद झाली असल्याने तिचे स्थान त्या यादीत असणे शक्य नव्हते आणि २००५ची यादी तिच्यानंतर सुरू होत होती.

काही प्रेक्षकांनी लिहिले आहे की राजकारण जाऊ दे, निदान चित्रपटांची यादी तरी दे. तिथेही तारखेचीच अडचण आहे. हणमंत केंद्रे यांच्या गावातील पाणीटंचाईवरचा 'पाणी' हा चित्रपट २०१९च्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवला गेला आणि चित्रपटगृहांत आला १८ ऑक्टोबर २०२४ला. 'तुंबाड' २०१८चा, या सप्टेंबरात तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. हे चित्रपट कोणत्या वर्षाचे मानायचे? माझ्या मते प्रेक्षक ज्या वर्षी तिकीट काढून आत बसला, त्या वर्षाचे. आणि हे मान्य केले, तर ५ डिसेंबरला लागलेल्या 'पुष्पा २'चा हिशेब आज मांडताच येत नाही, कारण तो अजून जोरात चालू आहे.

आता सुदान. मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिले, "सुदानचे काय घडले ते तरी एका ओळीत सांगा." तेथे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यातील युद्ध १५ एप्रिल २०२३ला सुरू झाले, एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली आणि या ऑगस्टमध्ये अल-फाशर शहराजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. भूक एका दिवशी येत नाही, त्यामुळे यादीत तिच्यासमोर लिहायला तारीख सापडत नाही, आणि तारीख नसलेली गोष्ट आढावा लिहिणारे सरळ वगळतात. डिसेंबरात घडलेले उशिरा घडले म्हणून राहते, पुन्हा लागलेला चित्रपट जुना म्हणून राहतो आणि सुदान सतत घडत आहे म्हणून राहतो.

माझी आई दिनदर्शिकेच्या चौकटींत दुधाचे खाडे लिहीत असे. डिसेंबरच्या दुधाचे पैसे जानेवारीत द्यायचे असत, म्हणून तो हिशेब चुकता होईपर्यंत जुनी दिनदर्शिका खिळ्यावरून उतरत नसे आणि नवी तिच्यावरच टांगलेली असे. माझा आढावा १५ जानेवारीला येईल. तोपर्यंत डिसेंबरमधील तुमच्या मते राहून गेलेली एक घटना तारखेसह खाली लिहा, आणि तारीख नसेल तर तशीच लिहा.