बोअरच्या पाण्यातला दगड

(दृश्य: जालन्याजवळची मोसंबीची बाग. ठिबकच्या नळीचा जवळून शॉट.)

ड्रिपरच्या तोंडाशी जमलेला हा पांढरा थर पाहा. गावात याला क्षार म्हणतात. पण मीठ असतं, तर पुढच्या पाळीच्या पाण्यात विरघळून गेलं असतं. हा थर जात नाही. हा कॅल्साइट आहे. मराठवाड्यातल्या खाणींत काळा दगड फोडला की पोकळ्यांतून ज्याचे स्फटिक निघतात, तेच खनिज.

(दृश्य: विहिरीचा उघडा कातळ.)

हा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कॅल्शियम त्यातच आहे, पण घट्ट बांधलेलं. मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात, त्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त. मुरणारं पाणी तो शोषून किंचित आंबट होतं आणि दगडातलं कॅल्शियम सोडवून घेतं. हेच आपलं जड पाणी. दिसायला मात्र नितळ.

(आवाज: मोटर सुरू होते.)

पाणी वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं. गॅस निसटतो. त्याच्याशिवाय कॅल्शियमला विरघळून राहता येत नाही. ते कार्बोनेट, म्हणजेच कॅल्साइट, होऊन खाली बसतं. 100 ग्रॅम कॅल्साइट तयार होताना 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. उन्हाने नळी तापली की हे आणखी वेगाने होतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं नेमकं उलट!

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, दुसरा स्रोत नसेल तर, लिटरला, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, 600 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चालतो. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत 600 ग्रॅम. सगळं काही ड्रिपरमध्ये बसत नाही, पण ड्रिपरचं भोक केवढं असतं?

उपाय म्हणजे हीच क्रिया उलटी फिरवणं. पाण्यात आम्ल मिसळून नळ्यांत सोडतात, काही तास मुरू देतात, मग नळ्यांची टोकं उघडून धुतात. आम्ल पाण्यात ओतायचं; आम्लात पाणी कधीच नाही.

(दृश्य: नांगरलेलं रान, मातीत पांढरे खडे.)

जमिनीतली ओल सुकतानाही हेच घडतं, म्हणून काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. अशा रानात लोह मुळांना मिळेनासं होतं आणि मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या. सबंध रानाला आम्ल पाजणं कुणाला परवडणार? म्हणून लोह पानांवर फवारून देतात.