बेचाळीस फुटांवर

(दृश्य : पहाट. संत्र्याची बाग. धुऱ्यावर काढून ठेवलेले पाईप, चिखलाने माखलेली मोटर.)

वरुड तालुक्यातलं हे वावर. आंबिया बहाराची फळं बोराएवढी झाली आणि नेमकी याच वेळी मोटर गढूळ पाणी ओकू लागली. बोअर ६२० फुटांचा. मोटर कालच वर काढली आणि रात्रभर बोअरला हात लावला नाही. आज बोअरात कॅमेरा सोडून बिघाड शोधायचा, आणि ढवळलेल्या पाण्यात कॅमेऱ्याला चहाशिवाय काही दिसत नाही.

(दृश्य : स्टार्टरची पेटी.)

कॅमेरावाला आला तो बोअरकडे न जाता सरळ स्टार्टरकडे गेला.

"काका, किटकॅट काढा पहिले." किटकॅट म्हणजे पेटीतला फ्यूज.

"लाईन तं नाही ना आता."

"नाही. पन येईन तं सांगून येते का?"

स्टार्टरला ऑटो लावलेला, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू. मोटरच्या केबलची तोडलेली टोकं ओल्या मातीत उघडी पडलेली. थ्री फेज आला की त्यांत करंट उतरणार. किटकॅट त्याने स्वतःच्या खिशात टाकलं. पेटीवर ठेवलं असतं तर कोणीतरी मदत म्हणून परत लावलं असतं!

(दृश्य : बादलीतल्या पाण्यात कॅमेरा, त्याचे पेटलेले दिवे.)

मग बादली. बुडबुडे निघतात का, चित्र नीट येतं का, हे इथेच कळलेलं बरं. जोडावरची रबरी रिंग त्याने रात्री घरीच पुसली, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. आपल्या भागात या रिंगेचा वैरी म्हणजे कापूस. एक तंतू तिच्याखाली राहिला, तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून वावरात, वाऱ्यावर, कॅमेरा खोलायचा नाही.

या बोअरात पाणी ३१० फुटांवर लागतं, म्हणजे तळाच्या वर आणखी ३१० फूट पाणी उभं आहे. दर १० मीटरला दाब सुमारे एक किलोने वाढतो. तळाशी चौरस सेंटिमीटरवर तो ९ किलोंच्या वर जातो. मोबाईलला जोडायच्या स्वस्त कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास. बेसिनच्या पाईपात तो चालेल. आयपी ६८ वाचूनही भुलू नये. पुढे किती मीटर लिहिलेत ते पाहावं.

(दृश्य : दोरीला बांधलेलं लोखंडी वजन बोअरात उतरतंय.)

कॅमेऱ्याआधी हे वजन खाली जाऊन येतं. ते अडकलं तर नुकसान दोरीचंच. वाट मोकळी निघाली. केसिंग म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाईप. त्याच्या तोंडाशी खोली मोजणारा मीटर शून्यावर आणून कॅमेरा सोडला.

(दृश्य : पडदा. केसिंगची भिंत, मग काळोख.)

४० फुटांवर केसिंग संपलं. ४२ वर त्याचा हात थांबला. काळ्या पाषाणाच्या मध्ये लाल मातीचा थर, आणि त्याला मुठीएवढी खबदाडं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारी ही माती पाण्याने फुगते आणि ढासळते. केसिंग तिच्या अलीकडेच सोडून दिलेलं. दोन पाईप वाचवले होते कोणीतरी.

वर येताना कॅमेरा त्याच जागी अडला. काकांनी केबलला हात घातला.

"वढू नका! वढला का गेला."

ताण येतो तो कॅमेरा आणि केबलच्या जोडावर. तो तुटला तर कॅमेरा आत आणि वर मोटर सोडायचीही पंचाईत. त्याने हातभर खाली सोडला, पीळ दिला, मग हळूच वर घेतला. निघाला.

(दृश्य : ओल्या फडक्यातून सरकणारी केबल.)

केबल वर येते ती ओल्या फडक्यातूनच. चिखल वाळला की पॉलिश पेपरसारखा घासतो. रॉकेल लावायचं नाही, रबर खराब होतं. केबल मोठ्या वेटोळ्यात गुंडाळायची. एकदा मोडून वळ पडला की तिथेच आतली तार तुटते. आणि बॅटरी एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवायची नाही. हे त्याने आम्हाला आमच्याच गाडीकडे बघत सांगितलं.

(दृश्य : केसिंगच्या तोंडावर नटबोल्टने बसवलेलं झाकण.)

नवं केसिंग येईपर्यंत बोअर उघडा ठेवायचा नाही, रात्रीपुरताही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बोअरच्या तोंडाला पक्कं झाकण सांगितलं ते लेकरं आत पडतात म्हणून. काकांनी नट दोनदा आवळून पाहिले.

मग कॅमेरावाल्याशेजारी उकिडवे बसले.

"पुन्हा लाव बरं. बेचाळीसवर थांब."