त्या कामाचा मंगळवार कसा असतो?

नमस्कार, श्रोतेहो. शाळा संपवून कॉलेजच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींशी आज मला बोलायचंय. शेजारी आईवडील ऐकत बसले असतील तर फारच उत्तम.

‘पुढे काय होणार?’ असं कुणी विचारलं की आपण एका शब्दात उत्तर देतो. डॉक्टर. वकील. इंजिनिअर. पण हे झालं नुसतं पदाचं नाव. त्या माणसाचा साधा मंगळवार कसा जातो? तो दिवसभर उभा असतो की बसलेला, एकटा असतो की माणसांत, त्याचा किती वेळ कागद भरण्यात जातो? हे विचारायचं राहूनच जातं.

१९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं कार्यालय उघडलं. त्यांचं सांगणं सरळ होतं: आधी स्वतःला ओळखा, मग काम ओळखा, आणि मग दोन्हींची सांगड घाला. आजही बहुतेक घरांत गाळली जाते ती मधली पायरी.

माझ्याकडे एक मुलगी सल्ल्याला आली होती. प्राण्यांचा भारी लळा. पशुवैद्य व्हायचं अगदी पक्कं. मी म्हटलं, परवानगी काढ आणि एक दिवस जनावरांच्या दवाखान्यात नुसती कोपऱ्यात उभी राहा. परत आली तेव्हा तिच्या वहीत वेळेसकट नोंदी होत्या. डॉक्टरांचा बराचसा वेळ मालकांशी बोलण्यात गेला होता. धीर देणं, खर्च समजावून सांगणं, एकदा तर वाईट बातमी देणं. ते तिला फार जड गेलं. मात्र मागच्या खोलीत रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या तंत्रज्ञापाशी ती तासभर जागची हलली नव्हती. कल चाचणी जरूर द्या. कुठे बघायचं ते तिच्यातून कळतं. बघायला मात्र आपल्यालाच जावं लागतं.

आता अर्जाविषयी. सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंची याच्या नावे मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी एक पत्र लिहिलं गेलं. त्याचा मसुदा आजही जपलेला आहे. त्यात ओळीने लिहिलंय की मी वाहून नेता येतील असे हलके पूल बांधू शकतो, खंदकातलं पाणी काढू शकतो, तोफा बनवू शकतो. चित्रकला येते अगदी शेवटी! राज्यकर्त्याला तेव्हा कशाची गरज आहे, हे ओळखून लिहिलेलं पत्र आहे ते. आणि अखेरीस म्हटलंय, यातलं काही अशक्य वाटलं तर प्रयोग करून दाखवायला तयार आहे.

ही तयारी तुमच्या अर्जात दिसू द्या. ‘मी मेहनती आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ ही वाक्यं अर्ज वाचणाऱ्याने त्याच दिवशी कितीदा तरी वाचलेली असतात. त्याऐवजी लिहा: ‘सुट्टीत दोन महिने, आठवड्यातून चार दिवस, तीन लहान मुलांना गणित शिकवलं.’ यात मेहनत आली, चिकाटी आली, आणि मुलाखतीत यावर विचारलं तर तुम्हाला मनापासून बोलताही येईल. आजपासून एक वही ठेवा. काय केलं, किती दिवस केलं, काय अडलं, तेवढंच टिपा. ऐन अर्जाच्या रात्री यातलं काही आठवत नाही.

बाकी गोष्टी छोट्या आहेत. अर्ज मोठ्याने वाचून बघा. चुका कानाला लगेच खटकतात. शिफारशीसाठी शिक्षकांचं नाव द्यायचं तर आधी त्यांना विचारा, आणि पुरेसे दिवस हाताशी ठेवून विचारा.

त्या मुलीने पुढे एका प्रयोगशाळेत सुट्टीतल्या कामासाठी अर्ज केला. पाठवण्याआधी मला दाखवायला आणला होता. पहिली ओळ अशी होती: ‘एका दवाखान्यात मी एक तास काचपट्ट्या तपासताना पाहिल्या, आणि मला अजून अकरा प्रश्न विचारायचे आहेत.’ खाली तिने ते अकराही प्रश्न लिहिले होते.