ब्लू क्रॉसचा पैसा मुळात कुणाचा होता?

नमस्कार. मला विषय दिला होता आरोग्य आणि दानधर्म, पण दान हा शब्द मी आज जरा बाजूला ठेवणारे, कारण ज्या फाउंडेशनबद्दल सांगायचंय तिचा पैसा कुणा श्रीमंत माणसाने खिशातून काढून दिलेला नाहीये. नाव आहे द कॅलिफोर्निया एन्डाउमेंट.

झालं असं की ब्लू क्रॉस ऑफ कॅलिफोर्निया ही आरोग्य विम्याची संस्था होती, ना-नफा, आणि ना-नफा म्हणून वर्षानुवर्षं तिला टॅक्समध्ये सवलत मिळत होती. १९९३ मध्ये तिने आपला बराचसा धंदा वेलपॉइंट नावाच्या नफा कमावणाऱ्या कंपनीत टाकला आणि त्या कंपनीचे काही शेअर बाजारात विकले. आता तिकडचा कायदा सांगतो की धर्मादाय संस्थेची मालमत्ता धर्मादाय कामातच राहिली पाहिजे, म्हणजे आपल्याकडे देवस्थानची जमीन कशी पुजाऱ्याला स्वतःच्या नावावर करून घेता येत नाही, तसंच समजा. ग्राहक संघटना मागे लागल्या, आमदार मागे लागले, सरकारी खात्याने धरून ठेवलं, आणि १९९६ मध्ये त्या मालमत्तेतून दोन फाउंडेशन उभ्या राहिल्या. दोन्ही मिळून ३ अब्ज डॉलरच्या वर रक्कम. एक कॅलिफोर्निया हेल्थ केअर फाउंडेशन आणि दुसरी ही आपली एन्डाउमेंट. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांनी भांडून मिळवलेला पैसा आहे हा, आणि तो वापरताना लोकांना विचारायचं की नाही हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

सुरुवातीला त्यांनी बाकीचे करतात तसंच केलं, संस्थांना ग्रँट द्यायच्या, दवाखान्यांना मदत करायची. २००० मध्ये डॉ. रॉबर्ट रॉस प्रमुख झाले. हे बालरोगतज्ज्ञ, आधी फिलाडेल्फिया शहराचं आणि मग सॅन दिएगो काउंटीचं आरोग्य खातं सांभाळलेला माणूस, २०२४ पर्यंत ते तिथे होते. त्यांच्या काळात २०१० मध्ये बिल्डिंग हेल्दी कम्युनिटीज नावाचं काम सुरू झालं, १० वर्षं, १ अब्ज डॉलर, आणि राज्यभरातली फक्त १४ ठिकाणं. लॉस एंजेलिसमधलं बॉइल हाइट्स, सॅन दिएगोचं सिटी हाइट्स, ईस्ट ओकलंड, फ्रेस्नो, सालिनास, कोचेला खोऱ्याचा पूर्व भाग जिथे शेतमजूर राहतात, अगदी वर उत्तरेला डेल नॉर्ट काउंटी आणि तिथल्या आदिवासींच्या जमिनी. पिन कोडवरून माणूस किती जगेल हे ठरू नये, असं त्यांचं म्हणणं.

आता फ्रेस्नोची गोष्ट ऐका, ही मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. शहराच्या उत्तर भागात हजार माणसांमागे साडेचार एकरांहून जास्त बाग-मैदान, आणि दक्षिणेला, जिथे गरीब वस्ती आहे, जेमतेम एक एकर. आता मैदान नसलं तर पोरं खेळणार कुठे, म्हातारी माणसं संध्याकाळी चालायला जाणार कुठे, शुगर आणि बीपीच्या गोळ्या देणारा डॉक्टर याचं काय करणार? तिथल्या लोकांनी हे आकडे दाखवणारी जाहिरात केली, २०१५ मध्ये ती शहराच्या बसवर लावायची होती, तर शहराने राजकीय आहे म्हणून नाकारली. पण विषय थांबला नाही. २०१८ मध्ये बागांसाठी विक्रीकरात थोडी वाढ करायचा प्रस्ताव मतदानाला आला, त्याचं नाव मेझर पी, साधारण ५२ टक्के मतं मिळाली, शहर म्हणालं दोन तृतीयांश लागतात, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२० च्या शेवटी अपील कोर्टाने सांगितलं की साधं बहुमत पुरे. आता तो कर ३० वर्षं चालणार आहे. कुठल्या फाउंडेशनचा चेक ३० वर्षं चालतो सांगा मला!

शाळांचंही तसंच. उर्मटपणा केला या मोघम कारणाखाली पोरांना घरी पाठवायचे, त्यातही काळी पोरं जास्त, आणि शाळा कायमची सुटली की पुढचं सगळंच घसरतं. पोरांनी स्वतः उभं राहून हे मांडलं. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये ही शिक्षा बंद केली, २०१४ मध्ये राज्याचा कायदा आला की तिसरीपर्यंतच्या मुलांना या कारणावरून सस्पेंड करायचं नाही.

तुम्ही म्हणाल मग फाउंडेशनने नक्की काय केलं. तर कुठल्या एका कायद्यासाठी लॉबिंग करा म्हणून पैसे द्यायला अमेरिकेत खाजगी फाउंडेशनला बंदी आहे. पण संस्थेला एकूण कामासाठी पैसे देता येतात, कार्यकर्त्याचा पगार, बस भाडं, मीटिंगला आलेल्या आयांच्या मुलांना सांभाळायची सोय, दुभाषी. दिसायला बारीक गोष्टी, पण दिवसभर शेतात राबलेली बाई संध्याकाळी मीटिंगला येऊ शकते ती यामुळेच. आपल्याकडे सीएसआरच्या पैशातून ॲम्ब्युलन्स येते, मशीन येतं, ते हवंच आहे हो, पण कार्यकर्त्याचा पगार म्हटलं की सगळे मागे सरकतात, हे मी फार वेळा बघितलंय. एन्डाउमेंटनेही सुरुवातीला आउटकम्सची, म्हणजे कामातून काय काय साधायचं याची, लांब यादी केली होती, नंतर हळूहळू त्यांचं त्यांनाच पटलं की रहिवाशांची ताकद वाढवणं हेच मुख्य काम आहे.

हेल्थ फॉर ऑल, म्हणजे सगळ्यांना आरोग्य विमा मिळावा या मोहिमेला त्यांनी जोर दिला तो याच समजुतीतून. मेडी-कॅल ही राज्याची गरिबांसाठीची विमा योजना, बाहेरच्या देशातून आलेल्या, पण अमेरिकेत राहायची अधिकृत कागदपत्रं नसलेल्या मुलांना ती मे २०१६ पासून पूर्ण मिळाली, २०२० मध्ये २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना, २०२२ मध्ये पन्नाशीच्या पुढच्यांना, जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या सगळ्यांना. आठ वर्षं, चार पायऱ्या.

आणि २०२५ च्या बजेटमध्ये राज्याने ठरवलं की जानेवारी २०२६ पासून कागद नसलेल्या मोठ्या माणसांची नवी नोंदणी बंद, आणि जे आत आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांना जुलै २०२७ पासून महिन्याला ३० डॉलर भरावे लागणार. ज्यांच्यासाठी हे सगळं झालं त्या लोकांना मत नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलणारे शेजारी, शाळेतली पोरं, नर्स, सगळे पुन्हा पुन्हा लागणार आहेत, आणि त्यांच्या बस भाड्याचे पैसे कुणीतरी द्यायला लागणार आहेत.