डोळे आलेले नाहीत, हा युव्हायटिस आहे

नमस्कार श्रोतेहो. आज डोळ्यांच्या एका दुखण्याबद्दल बोलणार आहे, युव्हायटिस. नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, कारण आपल्याकडे डोळा लाल दिसला की घरच्यांचं, शेजारच्या काकूंचं आणि मेडिकलवाल्याचंही निदान एकच असतं, डोळे आले! २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे आणि मग बाकी महाराष्ट्रातही डोळ्यांची साथ पसरली होती, आठवत असेल तुम्हाला. तेव्हा तर ज्याचा डोळा लाल तो साथीतलाच, असंच सगळे धरून चालले होते.

मी हे दुखणं गेली बरीच वर्षं सांभाळतेय, तेव्हा आधी फरक सांगते. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, खुपतं, पण चिपडं पुसली की दिसायला साधारण नीट दिसतं. युव्हायटिसमध्ये, म्हणजे त्याचा जो पुढच्या भागातला नेहमीचा प्रकार आहे त्यात, चिपडं नसतात, फक्त पाणी येतं, लाली बुबुळाच्या कडेकडेने जास्त असते, डोळ्यात खोलवर आणि भुवईपर्यंत ठणका लागतो, दिसायला धुरकट होतं आणि उजेड तर अजिबात सहन होत नाही. दुखरा डोळा हाताने झाकून चांगल्या डोळ्याने ट्यूबलाईटकडे बघितलं तरी झाकलेल्या डोळ्यात कळ येते, कारण एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात आणि बुबुळातल्या सुजलेल्या रंगीत पडद्याला ती हालचालच सोसत नाही. हे घरच्यांना मुद्दाम सांगून ठेवा. खोलीत अंधार करून बसलेलं माणूस नाटक करत नसतं हो.

आणि हे पसरत नाही. टॉवेल वेगळा करायची, लांब बसायची काही गरज नाही, इतक्या दुखण्यात वर घरातल्यांनी तोंड फिरवलं की फार लागतं मनाला.

आता होतं कशाने? बुबुळातला जो रंगीत पडदा असतो आणि त्याच्या मागचे रक्तवाहिन्यांचे थर, त्यांना सूज येते. कधी टीबी, नागीण, सिफिलिस अशी इन्फेक्शन कारण असतात, पण बऱ्याच जणांमध्ये आपली स्वतःचीच प्रतिकारशक्ती डोळ्यावर उलटलेली असते. म्हणजे ती कमी पडत नसते, नको तिथे काम करत असते. म्हणून कुणी प्रेमाने सांगितलं की इम्युनिटी वाढवायचं हे चूर्ण घे, तो काढा घे, तर मला खरंच काळजी वाटते, कारण इथे उपचार असतो तो तिला शांत करायचा.

अंधांसाठी ब्रेल लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलचं उदाहरण बघा. फ्रान्समध्ये १८०९ साली जन्मलेलं हे पोर तीन वर्षांचं असताना वडिलांच्या घोड्यांची जिनं बनवायच्या कारखान्यात आरी लागून एक डोळा जखमी झाला, आणि पुढे दुसरा, ज्याला काहीच लागलं नव्हतं तोही गेला. एका डोळ्याला जखम झाली की आतले घटक प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडतात, ती त्यांना परकं समजते आणि मग दुसऱ्या चांगल्या डोळ्यावरही तुटून पडते, असा एक दुर्मिळ आजार आहे आणि लुईचं तेच झालं असावं असं अनेक डॉक्टर मानतात. त्या काळी यावर काहीच नव्हतं. कॉर्टिसोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टिरॉईड, पहिल्यांदा संधिवाताच्या पेशंटला दिलं गेलं ते १९४८ मध्ये, ते काम करणाऱ्यांना १९५० चं नोबेल मिळालं, आणि त्यानंतर स्टिरॉईडचे थेंब डोळ्यात आले. म्हणून स्टिरॉईड या शब्दाला लोक दचकतात ना, तेव्हा मला वाटतं की ह्याच थेंबांनी आज किती जणांची नजर टिकून आहे.

पण ते मेडिकलमधून परस्पर आणायचे नाहीत, अजिबात नाही. डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, बघतात तेव्हाच आतल्या सुजेच्या पेशी दिसतात, आणि बुबुळावर नागिणीच्या जातीतल्या विषाणूची जखम असेल तर नुसत्या स्टिरॉईडने ती चिघळते. गुलाबपाणी, मध, कोथिंबिरीचा रस, हे पण डोळ्यात नको. पहिल्या दिवसांत प्रेडनिसोलोन या स्टिरॉईडचे थेंब बऱ्याचदा दर तासाला असतात, मोबाईलला अलार्म लावा, बाटली आधी नीट हलवा कारण औषध तळाशी बसतं, एकच थेंब पुरतो, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाहुली मोठी करायचे थेंबही देतात. त्याने ठणका उतरतो आणि पडदा मागच्या भिंगाला चिकटत नाही, पण जवळचं वाचता येत नाही आणि उजेड आणखी खुपतो, तेव्हा टू-व्हीलर तेवढे दिवस घरीच ठेवा, गॉगल घरात लावायला लाजू नका, ऑफिसात आधीच सांगून टाका.

आणि सगळ्यात जास्त घात होतो तो इथे: आठवड्यात लाली जाते, दुखणं थांबतं आणि माणूस थेंब बंद करतो. आतली सूज अजून असते, थेंब कमी कमी करत आणायला कित्येक आठवडे लागतात, एकदम थांबवलं की ती परत उसळते. त्याच काळात डोळ्याचं प्रेशरही मोजून घ्यावं लागतं कारण स्टिरॉईडने ते काहींचं वाढतं, आणि ते वाढलेलं आपल्याला जाणवत नाही.

आता कंबरेचं. डोळ्याच्या डॉक्टरने कंबर दुखते का विचारलं तर चक्रावू नका. तरुण माणूस, सकाळी उठताना कंबर आखडलेली, हालचाल केली की मोकळी होते आणि पडून राहिलं की वाढते, असं महिनोन्महिने चालू असेल तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात, असू शकतो. एचएलए बी२७ नावाच्या जनुकाशी त्याचा संबंध १९७३ मध्ये कळला, आणि तेच जनुक या डोळ्याच्या दुखण्यातही खूपदा सापडतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका, ते जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण कंबर दुखत असेल तर रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, दाखवा. डोळ्याचं हे दुखणं सारखं सारखं होत असेल तर ते प्रतिकारशक्ती शांत करणारं मेथोट्रेक्सेट देतात, आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा वार ठरवून कॅलेंडरवर मोठ्ठा लिहून ठेवा. त्याच कामाची अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनंही आहेत, ती सुरू करण्याआधी टीबी नाही ना हे बघतातच आणि ती तपासणी टाळू नका.

परत परत होणाऱ्या दुखण्यात मन खचतं, डोळा जरा चुरचुरला तरी पोटात गोळा येतो. मी आरशात बघते, लाली कडेने आहे का, एकेक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ नीट दिसतं का, उजेड खुपतो का, आणि यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एवढं ठरवून ठेवल्यापासून रात्रीची झोप लागते.

शेवटी आईबाबांसाठी. लहान मुलांच्या संधिवातात हाच आजार होऊ शकतो, पण बहुधा मुलाचा डोळा पांढरा स्वच्छ असतो, दुखत नाही, मूल तक्रारच करत नाही आणि आत नजर जात असते. म्हणून सांधे सुजणाऱ्या मुलाची स्लिट लॅम्प तपासणी, सुरुवातीला बहुधा दर तीन महिन्यांनी सांगतात ती, मूल हसत खेळत असलं तरी चुकवू नका. नमस्कार.