खुर्चीने प्रार्थना सांगावी का?

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सरकारी कामकाजात प्रार्थनेला जागा असावी का, या आजच्या विषयाकडे मी पांडवलेण्यांवरून जाणार आहे. ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शाळेची सहल तरी तिथे गेलेली असतेच. दहाव्या लेण्याच्या ओसरीत नहपान या शक क्षत्रपाच्या, म्हणजे राजाच्या, जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यात पैशाचा हिशेब आहे आणि तो चोख आहे. लेखातल्या कालगणनेच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याने भिक्षुसंघाला लेणं दिलं आणि सोबत ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. मुद्दल मोडायची नाही, व्याज तेवढं वापरायचं. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करून बघा, वर्षाचे २४० बरोबर बसतात. आणि हाच गृहस्थ दुसऱ्या लेखात सांगतो की आपण देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं.

मला रस आहे तो ठेवीच्या लेखातल्या एका ओळीत. 'स्रावित निगमसभाय निबध च फलकवारे.' हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावाच्या सभेत, वाचून दाखवलं आणि दप्तरात नोंदवलं. लेखाच्या आरंभी 'सिद्धम्' हा मंगलशब्द आहे, तो दात्याचा. सभेचं म्हणून जे काम त्याला दगडात कोरण्याजोगं वाटलं ते एवढंच: ऐकणं आणि नोंदवणं. दान बौद्ध संघाला, दाता शकांचा, ठेव विणकरांकडे आणि नोंद गावाची.

आता आजच्या विषयाकडे येतो. माझं उत्तर सुरुवातीलाच देतो, म्हणजे पुढे भांडायला सोपं जाईल. माणसाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मर्जीने देवाचं नाव घ्यावं, त्याला सभागृहात जागा आहे. अध्यक्षाच्या खुर्चीने सगळ्यांच्या वतीने ते घेऊ नये.

हे काही माझं डोकं नाही. आपल्या घटना समितीने हा प्रश्न चक्क मतदानाला टाकला होता. १७ ऑक्टोबर १९४९. सरनाम्याची चर्चा चालू होती. ह. वि. कामत उठले आणि म्हणाले, सरनाम्याची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक' अशी करा. कामत आयसीएस सोडून राजकारणात आलेले, सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमधले. त्यांना कर्मठ म्हणून झटकता येत नव्हतं. सभागृहात बहुसंख्य लोक श्रद्धावान. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, त्यांच्या श्रद्धेबद्दल तर कोणी शंकाच घेऊ नये. मग गंमत सुरू झाली. एकाला ईश्वराऐवजी 'परमेश्वर' हवा. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, देवच का, देवीच्या नावाने का नको? आमच्याकडे शक्तीची पूजा होते! म्हणजे देव आणायचा ठरला की दुसऱ्याच मिनिटाला कोणता देव, हा प्रश्न उभा. तोही एकाच धर्माच्या सभासदांमध्ये.

विरोध केला तो पट्टम थाणू पिल्लै, हृदयनाथ कुंझरू अशा लोकांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं: श्रद्धा ही ज्याची त्याची, ती सगळ्यांच्या नावावर लिहिली की ती सक्ती होते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामतांना विनवलं की देवावर मतदान करण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला ढकलू नका. राजेंद्रप्रसादांनीही समजूत काढली. कामत हटले नाहीत. मतं मोजली गेली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. कामतांनी तिथल्या तिथे हा काळा दिवस असल्याचं सांगितलं आणि देवालाच भारताचं रक्षण करायला बोलावलं. त्या वाक्यावर कोणी हरकत घेतली नाही, हे मला फार आवडतं. कारण ते त्यांचं स्वतःचं वाक्य होतं.

आता याची दुसरी बाजू. याच घटना समितीने त्याआधी, डिसेंबर १९४८ मध्ये, राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वराचं नाव घ्यायला मंजुरी दिली होती. मागणी करणाऱ्यांत महावीर त्यागी होते, कामतही होते, आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. पण मांडणी बघा: एका ओळीत 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो', दुसऱ्या ओळीत 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. ज्याला जी ओळ हवी ती त्याने वाचावी. दोन्हींचं वजन सारखं. आजही आमदार, मंत्री याच पद्धतीने शपथ घेतात आणि ईश्वराचं नाव न घेणाऱ्याची आमदारकी कमी दर्जाची ठरत नाही. तेच लोक, तोच देव. शपथेत चालला आणि सरनाम्यात चालला नाही, कारण शपथ एकाची असते आणि सरनामा सगळ्यांचा.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथे काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचं कामकाज प्रार्थनेने सुरू होतं आणि त्यासाठी पगारी धर्मगुरू आहेत. १४ सप्टेंबर २००० ला तिथल्या प्रतिनिधिगृहात पहिल्यांदा एका हिंदू पुजाऱ्याने प्रार्थना केली. त्याच दिवशी वाजपेयींचं तिथे भाषण होतं. २००७ मध्ये सिनेटमध्ये राजन झेद हे हिंदू पुरोहित प्रार्थनेला उभे राहिले तर गॅलरीतून लोक ओरडले, त्यांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा आपल्याकडे अनेकांना वाईट वाटलं. वाटायलाच हवं. नाशिकमधल्या किती घरांतली मुलं तिकडे आहेत! तिथल्या सभागृहात आपला मुलगा अल्पसंख्य असतो, एवढं मनात धरून पुढची हकिगत ऐका.

न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहराला लागून ग्रीस नावाचं गाव आहे. तिथल्या मंडळाच्या मासिक सभेला आधी क्षणभर शांतता पाळत. १९९९ पासून धर्मगुरूला बोलावून प्रार्थना सुरू केली. २००७ पर्यंत आलेला प्रत्येक जण ख्रिस्ती. दोन बायकांनी हरकत घेतली, एक ज्यू, दुसरी नास्तिक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल गावाच्या बाजूने लागला: परंपरा जुनी आहे, कोणावर सक्ती नाही, चालू द्या. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी मात्र एक माणूस डोळ्यांसमोर उभा केला. समजा, एक मुस्लिम बाई गावाच्या सभेत काही मागायला आली आहे. रस्त्यावर सिग्नल हवा असेल, बांधकामाची परवानगी हवी असेल. प्रार्थनेला सगळे उभे राहतात. ती एक तर मनाविरुद्ध सामील होते, नाही तर ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांच्यासमोरच वेगळी पडते. संसदेच्या गॅलरीत बसलेल्या प्रेक्षकाची गोष्ट वेगळी. त्याचा अर्ज कुणाकडे नसतो.

त्या खटल्यातला आणखी एक तपशील मला या निकालाइतकाच मोलाचा वाटतो. गावाने मुद्दाम कुणाला वगळलं नव्हतं. कार्यालयातली एक कर्मचारी गावातल्या प्रार्थनास्थळांची यादी काढून फोन करायची. ज्यूंची सिनेगॉग गावाच्या हद्दीला लागून, पण बाहेर होती. यादीत आलीच नाहीत. हेतू स्वच्छ आणि यादी एकांगी.

'सर्वधर्म प्रार्थना करा, म्हणजे प्रश्न मिटला' असं म्हणणाऱ्यांनी ही यादी नाशिकसाठी करून बघावी. काळाराम, त्र्यंबकेश्वर, बडी दर्गा, शरणपूरचं चर्च, म्हसरूळचं जैनांचं गजपंथ, पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर, गुरुद्वारा. झालं? सुरगाण्या-कळवणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करणारे कोकणा लोक आहेत. त्यांच्या देवाला ट्रस्ट नाही, इमारत नाही, कार्यालयाचा फोन नाही. त्यांना कोण बोलावणार? आणि हिंदूंच्या वतीने कोण? सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकेश्वरी. एका धर्मातल्या साधूंचं स्नान एका घाटावर होत नाही. याच शहरात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. ज्यांना त्या दाराबाहेर ठेवलं त्यांची प्रार्थना कोणी, कुणाच्या वतीने म्हणायची, हे कोणत्या कारकुनाने ठरवायचं?

इतर देशांचं चटकन सांगतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये साग्ने नगरपरिषदेची प्रार्थना बंद करायला लावली. इंग्लंडमध्ये बिडफर्डच्या परिषदेविरुद्ध २०१२ मध्ये निकाल गेला, तर २०१५ मध्ये संसदेने कायदाच करून प्रार्थनेला वाट दिली. त्याच संसदेत सदस्य भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतात आणि त्या वेळी हजर राहून कार्ड लावलं की दिवसभराची जागा पक्की होते! भक्तीला असं बक्षीस लागलं की गर्दी कशाची, हे मी सांगायला नको.

आता पुन्हा आपल्या गावात. इथल्या एका शाळेतले शिक्षक परिपाठाला हजर असत, पण प्रार्थनेला हात जोडत नसत. ही बेशिस्त ठरली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडकली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रार्थनेत हात जोडायला शिक्षकाला भाग पाडता येत नाही. घटनेच्या अनुच्छेद २८ मध्ये ते संरक्षण आहे. वेतनश्रेणी द्यायला लावली. पुढे काही आकाश कोसळलं नाही. वाद देवाचा होता, पण अडकला होता पगार. 'सक्ती कुठे आहे, नुसतं उभं राहायचं तर आहे' असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते बघावं.

मग नारळाचं काय, असं समोरून कोणी तरी विचारणारच. रस्त्याच्या कामाला ठेकेदाराने नारळ वाढवला, गवंड्याने पहिली कुदळ मारताना हात जोडले, तर माझी काही तक्रार नाही. पोलीस ठाण्यात खंडेनवमीला शस्त्रं पुसून झेंडू वाहतात, तेही मी कोर्टात नेणार नाही. नारळासाठी मैत्री तोडणारे पुरोगामी मी पाहिलेत, त्यांच्याने काही बदललेलं पाहिलं नाही. माझी हरकत सुरू होते ती हजेरीपत्रकापाशी. पूजेला कोण आलं नाही याची साहेबांनी नोंद घेतली, वर्गणीचा कागद शिपायाच्या हातून टेबलोटेबली फिरला, की तिथे सण संपला.

आणि सिंहस्थ. २०२७ तोंडावर आलंय. सरकार यावर पैसा का खर्च करतं, हा प्रश्न रास्त आहे. अनुच्छेद २७ एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी खास कर लावू देत नाही. पण लाखो माणसं नदीवर येणार असतील तर पाणी, संडास, दवाखाना, रस्ता हे सरकारचंच काम. आलेला माणूस कोणत्या श्रद्धेने आला, याच्याशी चेंगराचेंगरीला देणंघेणं नसतं. २००३ च्या सिंहस्थात इथे माणसं चेंगरून गेली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून नियोजनाच्या बैठकीचे विषय म्हणजे गंगापूर धरणातून पाणी कधी सोडायचं, अरुंद गल्लीतून गर्दी कुठून वळवायची, बसगाड्या कुठे थांबवायच्या. त्या टेबलाभोवती अभियंता कोणत्याही धर्माचा असेल, डॉक्टर कोणत्याही, आणि आपलं घर रस्तारुंदीत जातंय म्हणून कागद घेऊन दाराशी थांबलेला माणूसही कोणत्याही. गोदावरीची पूजा आणि आरती घाटावर रोज होतेच, ज्याला जायचं त्याने संध्याकाळी जावं. बैठक अकराची असेल तर अकरा वाजता विषय क्रमांक एक घ्यावा, आणि दाराशी थांबलेल्या त्या माणसाला आत बोलवावं.