हिरा बदलण्याआधी रबराकडे पाहा

नमस्कार. ‘कार्ट्रिजची सुई गेली आहे, नवा हिरा बसवून मिळेल का?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. (कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सुई धरणारा छोटा भाग, जो सुईची थरथर विजेच्या संकेतात बदलतो. सुईचं टोक हिऱ्याचं असतं.) त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? हिरा झिजला, त्याला धरणारी बारीक दांडी म्हणजे कॅन्टिलिव्हर वाकला, त्या दांडीला पेलणारं रबर सुकलं की तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल तुटली? या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

ज्यांच्याकडे मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणारी, कार्ट्रिज आहे, त्यांचं काम सोपं आहे. त्यांचा हिरा, कॅन्टिलिव्हर, चुंबक आणि रबर हे सगळं एकाच सुट्या भागात असतं. जुना भाग ओढून काढायचा, नवा सरकवायचा. अमेरिकेच्या शूर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तरी तिच्या अनेक मॉडेलांसाठी जपानची जिको कंपनी पर्यायी सुया बनवत आली आहे. अशा ठिकाणी रिटिपिंगच्या, म्हणजे फक्त हिरा बदलून घेण्याच्या, फंदात पडू नका.

खरी पंचाईत मूव्हिंग कॉइलवाल्यांची. तिथे कॉइल कॅन्टिलिव्हरच्याच मागच्या टोकाशी गुंडाळलेली असते आणि तिची तार केसाहून बारीक असते. सुई ओढून काढता येत नाही. म्हणून मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बसून जुना हिरा उतरवतो आणि नवा चिकटवतो.

आता हिरा झिजतो किती, ते पाहू. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला वीसेक. सरासरी काढली तर तासाला सव्वा ते दीड किलोमीटर होतात. पाचशे तासांत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, तेही दोन ग्रॅमचा भार काही मायक्रॉनच्या जागेवर पेलत. सुई खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींना टेकते. त्यामुळे झीज दोन बाजूंना होते आणि तिथे दोन सपाट पैलू तयार होतात. पैलूंच्या कडा धारदार असतात. उंच स्वरांची बारीक वळणं अशा सुईला गाठता येत नाहीत, म्हणून ती भिंत खरवडत पुढे जाते. रेकॉर्डची बाजू संपत आली की ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात, कारण तिथे तीच वळणं कमी लांबीत कोंबलेली असतात. पण हे कानाला कळेपर्यंत काही रेकॉर्ड्सचं नुकसान होऊन गेलेलं असतं आणि ते भरून येत नाही. म्हणून कानावर विसंबू नका, तासांची नोंद ठेवा. गोल किंवा लंबवर्तुळाकार टोकाला तीनशे ते पाचशे तास आणि शिबाटासारख्या लाइन-कॉन्टॅक्ट (खाचेच्या भिंतीला उभ्या रेषेत टेकणाऱ्या) टोकाला हजाराच्या आसपास, हा ढोबळ हिशेब आहे. शंका आली तर दोनशे पट मोठं करणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून पाहा. पैलू उजेडात चमकतात.

रबराचा हिशेब वेगळाच. कार्ट्रिज वाजवा अगर डबीत ठेवा, त्याचं वय वाढतच असतं. कधी ते कडक होतं आणि सुईची हालचाल आखडते, कधी मऊ पडतं आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासू लागतं. चाळीस वर्षांपूर्वीची ‘न वापरलेली’ कार्ट्रिज हौसेने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिचा हिरा कोरा असेलही, रबराची खात्री कुणी देऊ शकत नाही. आणि नुसता हिरा बदलणारा कारागीर रबराला हातही लावत नाही. मेलेल्या रबरावर उत्तम हिरा बसवून घेणं म्हणजे निव्वळ हौस. (सुई साफ करताना ब्रश मागून पुढे फिरवावा आणि द्रव कमी वापरावा, तोही याच कारणासाठी. अल्कोहोल कॅन्टिलिव्हरवरून ओघळत रबरापर्यंत पोचतं.)

कॅन्टिलिव्हर वाकला असेल तर तो सरळ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲल्युमिनियमची नळी एकदा दुमडली की तिथे कमजोरच राहते. बोरॉन तर वाकतच नाही, तुटतो. मग कारागीर उरलेल्या खुंटावर नवा कॅन्टिलिव्हर हिऱ्यासकट जोडतो. हा जोड किती हलका जमला यावर सगळं अवलंबून असतं. गोंदाचा थेंब जास्त झाला की हलणारं वजन वाढतं आणि उंच स्वरांकडचा अनुनाद खाली, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात घसरतो.

डेनॉनच्या डीएल-१०३वर हा प्रयोग फार होतो. १९६०च्या दशकात जपानी प्रसारणासाठी घडवलेली ही कार्ट्रिज: साधं गोल टोक, ॲल्युमिनियमचा कॅन्टिलिव्हर, अडीच ग्रॅम भार. तिला माणिकाचा कॅन्टिलिव्हर आणि लाइन-कॉन्टॅक्ट हिरा दिला की तपशील वाढतो, यात वाद नाही. पण मग ती डीएल-१०३ राहत नाही. कुणाला हेच हवं असतं. ज्याला जुनाच आवाज परत हवा, त्याने कारागिराला तसं आधीच सांगावं.

एक बाजू मुकी झाली असेल तर कार्ट्रिज कुठेही पाठवण्याआधी हेडशेलमधल्या, म्हणजे कार्ट्रिज जिथे बसवतात तिथल्या, तारांची डावी आणि उजवी जोडी अदलाबदल करून पाहा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष कार्ट्रिजचा. जागीच राहिला तर टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा), केबल किंवा ॲम्प्लिफायर तपासा. कॉइल खरंच तुटली असेल, तर ती नव्याने गुंडाळणं महागड्या कार्ट्रिजपुरतंच परवडतं.

दुरुस्त होऊन आल्यावर जुळवणी करताना कार्ट्रिजचं अंग नव्हे, कॅन्टिलिव्हर रेषेत आणा. हिरा स्वतःच्या अक्षाभोवती जरा फिरून बसला असेल तर गोल टोकाला फरक पडत नाही, लाइन-कॉन्टॅक्टला दोन-तीन अंशसुद्धा जाणवतात. म्हणून कारागिराकडे समोरून आणि खालून काढलेली छायाचित्रं मागा. भार जुन्या पुस्तिकेतला न ठेवता त्याने सांगितलेला ठेवा. मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला आहे. कुणी कार्ट्रिज बरोबर आणली असेल तर आता पाहू.